हंबीरच्या रेघेवर धुणं घालू नये

विट्याजवळून, मृगाचा दुसरा आठवडा

तीर्थस्वरूप हंबीरदादांस,

धाकट्या रविराजचा साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसून लिहितो आहे, तेव्हा साष्टांग हा शब्द मनापुरता समजावा.) इकडे सगळे खुशाल आहोत. आईची तब्येत चांगली आहे, जेवण बरं जातं, गुडघे तेवढे कुरकुरतात. वहिनींना नमस्कार, यशराजला आशीर्वाद. तुमचं सोन्या-चांदीच्या गलाईचं दुकान व्यवस्थित चालू असेल आणि भट्टीच्या धुरात तुम्ही तोंडाला फडकं बांधत असाल, अशी आशा करतो. आशाच करतो, कारण तुम्ही बांधत नाही हे मला माहीत आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर आई शेजारी बसते, स्पीकर लावायला लावते आणि मी बोलायचं वाक्य माझ्या आधी स्वतःच बोलून टाकते. शिवाय या एका विषयात फोनवरचा तिचा भरवसा उडालेला आहे. पत्र तिनेच लिहायला सांगितलं. पाकिटात घालण्याआधी ते तिला वाचून दाखवायचं, असंही ठरलं आहे.

सगळ्याचं मूळ आमच्या शाळेचा पृथ्वीगोल. त्याचा आस मोडला होता, त्यामुळे शिकवता शिकवता पृथ्वी निखळून बाकांखाली गडगडत जायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत साताऱ्याला नेऊन तो दुरुस्त करून आणला आणि शाळा उघडेपर्यंत घरी फ्रिजवर ठेवला. आईने तो दोन दिवस लांबून पाहिला. तिसऱ्या दिवशी पदराने पुसला आणि विचारलं, "ह्यात हंबीर कुटं हाय?" आता त्या गोलावर तुमचं तेलंगणातलं खम्मम छापलेलं नाही, मग आपलं गाव कुठून असणार? मी पेन्सिलीने अंदाजाने दोन ठिपके दिले आणि दोन्हींमधून बोट फिरवून दाखवलं की आपण आणि तुम्ही सतरा अंशांच्या थोडे वर, एकाच आडव्या रेषेवर आहोत. (काटेकोर बोलायचं तर आपलं गाव तुमच्यापेक्षा दोन-तीन किलोमीटर उत्तरेला पडतं. हे मी आईला सांगितलं नाही. त्या दिवसापासून ते मला टोचतं आहे. वाचून दाखवताना हा कंस गाळणार आहे.)

दादा, इतकी वर्षं तिला वाटत होतं की खम्मम दिल्लीच्या अंगाला आहे, कारण तुम्ही गाड्या बदलत जाता. तुम्ही नुसते उगवतीला आहात, दारातून निघून ना डावीकडे वळायचं ना उजवीकडे, हे कळल्यावर तिने स्वतःचं बोट त्या रेषेवरून फिरवून पाहिलं. मग म्हणाली, "ही रेघ म्हंजे वाट का रं?" वाट नव्हे, म्हटलं, अक्षवृत्त काल्पनिक असतं. "म्हंजे न्हाईच?" आहे, पण दिसत नाही. "दिसत न्हाई, तर तुमी मास्तर लोक पोरास्नी मार्कं कशाची देतासा?" वीस वर्षं भूगोल शिकवतो आहे. मी गोल उचलून पुन्हा फ्रिजवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती रेघ आपल्या अंगणातून नेमकी कुठून जाते, ते दाखव म्हणून मागे लागली. मी होकायंत्र आणलं आणि दाराच्या चौकटीपासून शेवग्यापर्यंत एक सुतळी ताणून बांधली. (अक्षवृत्त साऱ्या अंगणावरून कुठूनही काढता येतं, तेव्हा यात खोटं काही नाही, असं मी स्वतःला समजावलं.) तिचं नाव हंबीरची रेघ. तुमच्या भावजयीने, सुवर्णाने, तिसऱ्याच दिवशी तिच्यावर माझा बनियन वाळत घातला. आईने तो काढून हातात आणून दिला. "त्येच्या तोंडावर वलं बनेल कशाला?" तेव्हापासून त्या सुतळीवर धुणं घालायचं नाही, आणि ती ओलांडायची तर मुळीच नाही. म्हैस गोठ्यात नेताना शेजारच्या तानुबाईंच्या अंगणातून वळसा घालावा लागतो. तानुबाई रोज विचारतात, तुमच्या हंबीरचं खम्मम माझ्या परसातनं कवापासनं जायला लागलं? सकाळी आई सुतळीच्या टोकाशी बसते आणि उगवतीकडे तोंड करून तुमच्याशी बोलते. मी जवळून गेलो की गप्प होते. एकदा मात्र रागाने म्हणाली की सूर्य सुतळीच्या डावीकडे उगवला, तुझी रेघ चुकली. मे महिन्यात तो थोडा उत्तरेकडूनच उगवतो, सुतळीच्या नेमक्या रोखाने मार्चात आणि सप्टेंबरातच येतो, असं मी सांगितलं. "बरं. त्यो चुकला म्हन."

इथवर सगळं ठीक होतं. मग सूर्य डोक्यावर येण्याचा दिवस आला. आपल्या अक्षवृत्तावर मे महिन्यात एका दुपारी उभ्या वस्तूची सावली पार तिच्या पायाखाली जाते. ते घरच्यांना दाखवावं अशी मला हौस आली. (हौस, की मिरवणं? दोन्ही, असं त्या दिवशीच्या रोजनिशीत लिहिलं आहे.) सुवर्णाने मुसळ दिलं नाही, म्हणून स्टीलचा उंच डबा अंगणात उभा केला. साडेबाराच्या सुमारास डब्याची सावली नाहीशी झाली. मी घरात बघून टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात आई बाहेर आली आणि डब्याजवळ उभी राहिली. तानुबाई कुंपणावरून ओरडल्या, "अगं शालूबाई, तुजी सावली कुटं गेली गं? सावली सोडून गेली की मानूस ऱ्हात न्हाई, माजी आज्जी सांगायची!"

आईने पायाकडे बघितलं. आत गेली, चांगलं लुगडं नेसली, तांब्याचं घंगाळ ओढत बाहेर आणलं आणि तानुबाईंना म्हणाली, हे माज्या मागं तू वापर. मी तानुबाईंना स्वतःच्या पायाकडे बघायला सांगितलं. त्यांनी बघितलं आणि किंचाळून घराकडे पळाल्या, घंगाळासकट. (घंगाळ अजून परत आलेलं नाही. सावली परत आली.)

इथे मला थांबता आलं असतं. पण अर्धवट समजावलेलं मला सहन होत नाही. मी म्हटलं, आई, तुझ्या एकटीची नाही गेली, या रेघेवर जेवढी माणसं आहेत त्या सगळ्यांची आज गेली. दादांचीसुद्धा गेली, आपल्या वीसेक मिनिटं आधी. शास्त्र म्हणून हे बरोबर होतं. स्वतःच्या मरणाची भीती तिच्या तोंडावरून तिथल्या तिथे पुसली गेली आणि त्या जागी तुम्ही आलात.

"त्येची बी गेली?"

परत आली असेल, म्हटलं. ही बघ, माझी यायला लागली.

"तुजी आली, तू हितं हाईस. त्येची कुनी बगितली?"

म्हणून मी तुमच्याकडे फोटो मागितला होता, कारण न सांगता. पहिला तुम्ही दुकानात ट्यूबलाइटखाली काढलात. आईने मोबाइल डोळ्याला लावून पाहिला, सावली नाही. दुसरा उन्हातला होता, पण कमरेपर्यंतचाच. पाय नाहीत म्हटल्यावर ती जास्तच घाबरली. तिसरा रस्त्यावर उभे राहून पायापर्यंत काढलात, त्या दिवशी तिकडे ढग. तुम्ही फोनवर चिडलात ते रास्तच होतं. भट्टी सोडून माणसाने किती वेळा रस्त्यावर उभं राहायचं? पण तेव्हापासून फोटो या प्रकारावरच तिचा विश्वास नाही. सावली डोळ्यांनी बघायची म्हणते.

तुम्ही या, असं लिहायला तिने मला सक्त मनाई केली आहे. धंदा सोडून कशाला, म्हणते. मी तिला सांगितलं की ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य दक्षिणेकडे परत जाताना पुन्हा एकदा आपल्या डोक्यावरून जाईल, तेव्हा ढग नसले तर बघू. त्यावर ती म्हणाली, "म्हंजे सूर्व्या बी या रेघंवर वर्सातनं दोनदा येतो म्हन की." (हे वाक्य तिने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि मग म्हणाली, ऱ्हाऊ दे.)

बाकी क्षेम. पाऊस नुसता येऊन तोंड दाखवून जातो. लोभ आहेच.

आपला,
रविराज

ता. क. हे शाळेत बसून लिहितो आहे, वाचून दाखवल्यानंतर. वर आईची तब्येत चांगली म्हणून लिहिलं ते तिच्यासमोर वाचायचं होतं म्हणून. सांगलीला दाखवलं. डॉक्टरांनी तिला बाकावर बसवून मला बाहेर बोलावलं. पोटात आहे, पसरलेलं आहे, या वयात चिरफाड करण्यात अर्थ नाही म्हणाले. गणपती बघेल का, असं मी विचारलं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि औषधं लिहायला घेतली. जेवण म्हणजे दोन घास भात. आण्णांच्या वेळी तुम्ही पोचलात तेव्हा ओढ्याकाठी वडिलांची चिता पेटलेली होती. गाडीला उशीर झाला, उन्हाचं कुणी थांबलं नाही, दोष कुणाचाच नव्हता. त्यानंतर या दारात उभं राहवत नाही असं तुम्ही म्हणालात आणि तीन जत्रा आला नाहीत. मी कधी विचारलं नाही. आज विचारतो, याल ना? तसा फोन मला पुन्हा करायला लावू नका. पत्र मिळेल त्या दिवशी निघा. तिला यातलं काही माहीत नाही.

ता. क. २. पोस्ट बंद झालेलं होतं, म्हणून पाकीट खिशात घालून घरी आलो. आई खाटेवरूनच म्हणाली, "खाली काय वाडवलंस?" काही नाही, म्हटलं. "सांगलीच्या डाक्टरनं तुला भाईर बोलवलं, तवाच मला कळलं. आन् सावली सगळ्यांचीच परत येती, एवडं कळत न्हाई व्हय मला?" मग हा सगळा खटाटोप कशासाठी, असं मी विचारलं. "ये म्हनलं की त्यो येत न्हाई. मराय लागलीया म्हनलं तर भिऊन न्हाई यायचा. सावली बगायचीया म्हनलं तर हसत तरी येईल. म्हनून तुला म्हनलं हुतं, हसाय येईल असं लिव्ह." हे तिने मला खरंच सांगितलं होतं, दादा. मी वर ते लिहायचं टाळलं, कारण पत्र मजेशीर झालं तर ते श्रेय माझं असावं, असं वाटलं होतं.

ता. क. ३. दोन दिवसांपासून ती अंगणात बसू शकत नाही. म्हणून सुतळी शेवग्यावर खाली सरकवून, चौकटीकडचं टोक सोडून दारातून आत घेतली आहे आणि तिच्या खाटेच्या पायाला बांधली आहे. हात लांब केला की तिला लागते. रात्रीच्या गाडीने आलात तर अंगणात जपून या, गुडघ्याएवढ्या उंचीवर आहे, अंधारात दिसत नाही. तुम्ही ओलांडली तर चालेल, असं आई म्हणते.