सात काड्या

३ मार्च
पोचले. बस तासभर उशिरा आली, ट्रंक उतरवताना एका गृहस्थांच्या पायावर पडली, तरी दिवस छानच गेला. खोली बागेकडे उघडते. पलंग करकरत नाही. ज्यांच्याकडे उतरले त्या काकू पूर्वी दवाखान्यात नर्स होत्या. चादरीच्या कडा इतक्या घट्ट खोचल्यात, की पाकिटात पत्र सरकवावं तसं मला आत सरकावं लागणार. काका मागच्या खोलीत असतात आणि कुणाशी बोलत नाहीत, असं काकूंनी आल्याआल्याच सांगून टाकलं.

मी झाडांची डॉक्टर; माझा रोगी अंगणात. नासपतीचं झाड, साठी उलटलेलं. गेल्या पानगळीत काकांनी कोयत्याने खोडाची साल सभोवार काढली, कमरेच्या उंचीवर, वीतभर रुंद. का, ते कळलं नाही. डोकं फिरलं त्यांचं, एवढंच काकू म्हणाल्या. पानांचं अन्न सालीतूनच मुळांकडे उतरतं. ती वाट तुटली की झाड उभ्याउभ्या उपाशी मरतं. पण नखाने फांदी खरवडून पाहिली, आत हिरवी आहे. धुगधुगी आहे म्हणायची. शेंड्याच्या कोवळ्या काड्या कापून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या.

९ मार्च
रस चढला, साल सुटू लागली. आज पूल बांधले. काडीची दोन्ही टोकं तासायची, एक जखमेच्या खाली सालीत खोचायचं, दुसरं वर, बारीक खिळे मारायचे आणि मेण लिंपायचं. अशा सात काड्या. जगल्या तर अन्न त्यांच्यातून उतरेल. काकू मेणाचं भांडं धरून उभ्या होत्या. मी मागायच्या आत पुढे करायच्या. मधेच त्यांनी सांगितलं, की त्यांची मुलगी चिमी छातीच्या दुखण्याने गेली. नऊ वर्षांची होती. घरात श्वास पुरेना म्हणून शेवटचे तीन महिने तिची खाट या झाडाखाली होती. एकतीस वर्षं झाली, म्हणाल्या, आणि लगेच मेण गार होतंय म्हणाल्या.

२८ मार्च
सातही काड्या धरल्या! त्यांच्यावरचे डोळे, म्हणजे कोंब, फुगले होते, ते खुडून टाकले. यांनी पूल व्हायचं, फांद्या नाही. काकूंनी माझा हात धरला तो बराच वेळ सोडलाच नाही. मागच्या खोलीची खिडकी धाडकन बंद झाली.

९ एप्रिल
दुपारी मेण तपासत होते. कुणीतरी खोकलं. लहान मूल खोकतं तसं, कोरडं. शेजारी कुणी नाही. झाडाला वळसा घातला, तिथेही नाही. मग खोडाला कान लावला.

मेणाला एक चीर गेली आहे. सुरीचं पातं तिच्यासमोर धरलं. पात्यावर वाफ धरली. विरली. पुन्हा धरली.

१० एप्रिल
काकूंना सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. रोज दुपारी त्या खुर्ची टाकून तिथे बसतात ते यासाठीच. साल काढल्यापासून आवाज क्षीण होत चालला होता; लेक दुसऱ्यांदा जाणार म्हणून त्यांनी मला बोलावलं. आता अगदी पूर्वीसारखं स्पष्ट ऐकू येतं, असं हसत हसत सांगत होत्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं.

१४ एप्रिल
काका अंगणात आले. माझ्या कामाकडे बघत राहिले. मग पहिल्यांदाच बोलले.

"ती झोपत आली होती. एकतीस वर्षं खोकतेय पोरगी, संपत नाही तिचं. मी कसंबसं निजवत आणलं होतं. तुम्ही तिला परत आजारी पाडलंत."

रागाने नाही म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

१७ एप्रिल
ढास थांबत नाही. खिडकी लावली तरी ऐकू येते. सातही काड्या हलतात, बाहेर, आत, बाहेर — बरगड्यांसारख्या. माझ्या हातच्या —

पाणी मागितलं तिने. मुळाशी घागर ओतली. पुन्हा मागितलं. पुन्हा ओतली. कुठे पोचतं ते —

१८ एप्रिल
ट्रंक भरली. फाटकापर्यंत गेले. अशी टाकून कशी जाऊ? मीच तर —

२० एप्रिल, दुपार
सुरी घेऊन गेले. काकू खोडाला मिठी मारून उभ्या. हलेनात. मी एवढंच विचारलं, "तुम्ही नर्स होतात. परक्याचं मूल असं तडफडताना पाहून काय केलं असतंत?"

मिठी सोडून त्या बाजूला झाल्या.

सहा काड्या कापल्या. प्रत्येकीबरोबर खोकला उतरत गेला. सातवीला माझ्या हातातली सुरी काकूंनी काढून घेतली. मी पायरीवर बसलेय. वही मांडीवर, दिसेल तसं लिहितेय. काका आलेत, अनवाणीच. काकूंनी कान लावलाय.

खोकला नाही. आतून बोलली — इथपर्यंत ऐकू आलं मला —

"आई, झोपू का?"

काकूंनी कपाळ खोडाला टेकवलं. झोप गं बाळा, म्हणाल्या. सुरी काडीवर ठेवली, पण हात रेटेना — काकांनी वरून आपला हात — दोघं मिळून —