गळका नळ, आवाजी वर्णनासह

२ फेब्रुवारी
प्रशिक्षण केंद्रातून मॅडमचा फोन. माझी 'गळका नळ' ही फिल्म घरदुरुस्तीच्या वर्गात लावायचं म्हणताहेत. जमली तर आणखी अकरा फिल्मा करवून घेऊन मालिकाच लावणार. शेवटी कोणाला तरी कळलं! कॅमेरा, लाइट, एडिटिंग, सगळं कुठल्याही क्लासला न जाता स्वतः शिकलोय. माझ्या नळांच्या दुकानामागच्या खोलीत बसून. अट एकच. काही प्रशिक्षणार्थींना दिसत नाही, म्हणून फिल्मला ऑडिओ डिस्क्रिप्शन हवं. म्हणजे फिल्ममधलं बोलणं जिथे थांबतं तिथे, पडद्यावर काय चाललंय ते आवाजात सांगायचं. मुदत महिनाअखेर.
एवढंच ना?

४ फेब्रुवारी
मॅडमनी हे काम करणाऱ्या एका बाईंचा नंबर दिला होता. दर विचारला. मिनिटावर! ऐकून खुर्चीत बसलो. म्हणे आधी संहिता लिहायची, मग दृष्टी नसलेल्या माणसाकडून ती तपासून घ्यायची, मग रेकॉर्डिंग, मग मिक्सिंग. डोळ्यांना दिसतं ते तोंडाने सांगायचं, त्याला एवढा थाट? उद्या श्वास घ्यायचीसुद्धा संहिता लिहितील. मी सुनावलं की बाई, हे काम मी फुकट करतो. त्या म्हणाल्या, गरज लागली तर कळवा. गोड बोलून कापणारी जात.
हिला सांगितलं. ही म्हणाली, तुम्ही जन्मभर फुकटच सांगत आलाय, कोणी विचारलेलं नसतानासुद्धा. माझ्या सेवाभावाची घरात जाण आहे, हे बरं वाटलं.
ठराव: वर्णन स्वतः करणे. खर्च शून्य.

७ फेब्रुवारी
एक तांत्रिक अडचण. फिल्ममध्ये मोकळी जागा नाही. मी कुठेही थांबतच नाही. ज्ञान असलं की माणूस थांबत नाही. खूप शोधल्यावर दोन जागा सापडल्या: सुरुवातीचं संगीत आणि मधलं संगीत. सुरुवातीला टाकलं, 'बारीक चौकडीच्या, निळसर करड्या, अर्ध्या बाह्यांच्या शर्टातले, चाळिशी ओलांडलेले पण तरतरीत गृहस्थ हसतमुखाने उभे आहेत.' ही म्हणाली, चाळिशी कधी ओलांडली तेही सांगून टाका.
मधल्या संगीतावर नळाचं वर्णन. अस्सल पितळ, ओतकाम, वजन, झळाळी. तपशील म्हणजे तपशील. आणखी बरंच सांगायचं उरलं, तेव्हा चित्र जागोजागी थांबवून बोललो. फिल्म तिप्पट लांब झाली. त्याच पैशात केंद्राला तिप्पट माल.

११ फेब्रुवारी
फिल्म साडूबुवांना ऐकायला पाठवली. साडूबुवा म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे यजमान. बँकेतून निवृत्त झाले आणि पाठोपाठ दृष्टी गेली. जीभ शाबूत आहे. त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ गळतोय, प्लंबरला बोलवू देत नाहीत. मीच बसवणार, म्हणतात. घरातले लोक हल्ली पाण्याचा ग्लाससुद्धा हातात आणून देतात, स्क्रू-ड्रायव्हर तर लपवूनच ठेवलाय. हा एक नळ मला करू द्या, असं हिच्याकडे फोनवर दोनदा म्हणाले. उगाच भावनिक होतात. पण चाचणीला उत्तम.

१४ फेब्रुवारी, सकाळ
ताईंचा फोन. स्वयंपाकघरात पाणीच पाणी. पाणी जिन्यापर्यंत गेलं, खालच्यांच्या छतातून ठिबकतंय. साडूबुवांनी नळ खोलला तेव्हा मेन कॉक चालूच होता.
आता यात माझा काय दोष? फिल्ममध्ये मेन कॉक बंद करायला स्वच्छ सांगितलंय. मोठा लाल बाण आहे. तो बाण हलता करायला मला दोन दिवस लागले होते! येतो मधल्या संगीतावर. त्या वेळी मी पितळेबद्दल बोलत होतो, ही गोष्ट वेगळी. आधी पाणी बंद करायचं हे शेंबड्या पोरालाही कळतं. ही म्हणाली, मग शेंबड्या पोरालाच विचारलं असतं, फिल्म कशाला ऐकली असती.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळ
भेटायला गेलो. साडूबुवा टॉवेल गुंडाळून बसलेले. म्हणाले, या. तुमचा शर्ट आता मी भर गर्दीतही ओळखेन. पाणी कुठून बंद करायचं, तेवढं मात्र राहून गेलं. मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांच्या मुलाने हातातून पाना काढून घेतला म्हणे, सगळ्यांसमोर. उद्या प्लंबर येणार. त्यानंतर भिंतीकडे तोंड करून बसले.
रुसण्याची फार सवय.

१७ फेब्रुवारी
प्लंबर आलाच नाही. नळ गळतोच आहे. खालच्यांच्या छताला रंग आपण लावून द्यायचा, असं हिने आणि ताईंनी परस्पर ठरवलं. माझं मत विचारलं नाही, कारण ते त्यांना माहीत होतं.
वर्णनवाल्या बाईंना फोन केला. हरलो म्हणून नव्हे. होतकरू लोकांना काम मिळावं म्हणून. दर तोच. एक पैसा कमी नाही. बाईंची फी आणि छताचा रंग मिळून किती होतात ते ऐकून ही म्हणाली, आधीच दिली असती तर. अर्धवट वाक्यांना मी उत्तर देत नाही.

२० फेब्रुवारी
बाई दुकानात आल्या. फिल्म आधी आवाज बंद करून पाहिली. हा अपमान मी गिळला. मग विचारलं, इथे तुमचा हात काय करतोय? म्हटलं, दिसत नाही? म्हणाल्या, नाही, मध्ये तुमचं डोकं आहे. नीट पाहिलं. डोकं होतं खरं. मग म्हणाल्या, 'हे असं फिरवायचं' म्हणजे कसं? डावीकडे की उजवीकडे? 'हे', 'इथे', 'असं' सोडलं तर तुमच्या बोलण्यात उरतं काय? मी म्हटलं, अनुभव उरतो.
मग मला खऱ्या नळापुढे उभं केलं, स्वतः डोळे मिटून घेतले आणि पाना हातात घेऊन म्हणाल्या, आता सांगा. मी सांगितलं. त्यांनी माझा अंगठा चेमटवला. म्हणाल्या, बघा, तुम्ही सांगितलंत तसंच केलं.
माझं बोलणं बऱ्याच ठिकाणी कापायची परवानगी मागितली. सुरुवातीचा नमस्कार ठेवायच्या अटीवर दिली.

२५ फेब्रुवारी
बाईंनी संहिता तपासायला नेमकं साडूबुवांनाच गाठलं. मानधन देऊन! आज सकाळी बाईंचं वर्णन ऐकत साडूबुवांनी एकट्याने नळ दुरुस्त केला. मुलाला स्वयंपाकघराबाहेर उभं केलं होतं. एक थेंब सांडला नाही. ताई फोनवर रडत होत्या, इकडे हीही डोळे पुसतेय. मी म्हटलं, वॉशर बदललाय, हृदय नाही. दोन्हीकडून कोणी हसलं नाही.
साडूबुवांनी मात्र फोन मागून घेतला. बाईंचं काम चोख आहे म्हणाले, फक्त यात शर्ट नाही, चुकल्यासारखं वाटलं.
आता केंद्राचं उत्तर आलं की झालं. उरलेल्या अकरा फिल्मांसाठी नवीन ट्रायपॉड बघून ठेवला.

२८ फेब्रुवारी
मॅडमचा फोन. फिल्म वर्गात लावून पाहिली. डोळस, दृष्टिहीन, सगळ्यांनाच वर्णन फार आवडलं. डोळसांचा चित्र बघून गोंधळ होत होता, तेव्हा त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि नळ बरोबर बसवले. म्हणून केंद्राने ठरवलंय की फक्त बाईंचा आवाज घ्यायचा. चित्र नको. पुढचे अकरा विषयही बाईच थेट लिहून देणार, तेही केंद्राच्या खर्चाने.
नमस्काराचं विचारलं. म्हणाल्या, तोही बाईच करतील.
मग म्हणाल्या, एक मदत हवी होती, सरावासाठी तुमच्या दुकानातले चार-पाच गळके नळ मिळतील का? लगेच हो म्हटलं. केंद्राला माझ्यावाचून चालत नाही, हे सिद्धच झालं. म्हटलं, मी स्वतः घेऊन येतो, मुलांना सगळं नीट समजावूनही सांगतो.
मॅडम म्हणाल्या, नको नको, शिपायाला पाठवते.