मिलोच्या वर्षाचं लेकरू

अर्धापूर,
३ मार्च १९८३

चि. सौ. पंचशीला हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

आम्ही खुशाल. विहिरीनं तळ गाठला, केळी उभ्या वाळून राहिल्यात. पण तुझ्या आईला त्याचं काही न्हाई. सातव्या महिन्यात लेक माहेरी येणार म्हणून तिनं आत्तापासूनच लाडू वळायला घेतलेत. अगं, लेक येऊ तरी दे, म्हणालो, तर माझ्यावरच उखडली. बहात्तरच्या दुष्काळात भीमा पोटात असताना खडी फोडली, सरकारी मिलोची, त्या परदेशी लाल जोंधळ्याची भाकर खाल्ली, म्हणून पोर काडीसारखं निपजलं; पंचीला तसं उपाशी ठेवणार न्हाई म्हणते. भीमा दहा वर्षांचा झाला, तरी तो ताटावर बसला की हिचे डोळे भरतात.

जावईबापूंना जयभीम. माया आहे तशी असू दे.

तुझा बाबा,
ज्ञानोबा

लातूर,
१४ मार्च १९८३

तीर्थरूप बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

लाडू पाठवू नका. दवाखान्यात रक्त तपासलं, साखर निघाली. पोटुशीपणात होते कुणाकुणाला, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रोज सुई, गोड बंद, भात मोजका. बाळंतपणही इथंच करायचं, म्हणजे माहेरी येणं न्हाई. जिल्हा नवा झाल्यापासून यांना कचेरीतून उसंत न्हाई; मी एकटीच चुलीपुढं रडून घेते. शेजारीण म्हणते, हा तर म्हाताऱ्यांचा आजार, तुला कसा गं? मला लई भ्या वाटतं, बाबा.

या साखरेनं लेकरू पोटातच जड होतं म्हणे. बाईंनी विचारलं, आईची लेकरं जड होती का, जन्मताच गेली का? माझ्या पाठीवरचे दोघं भाऊ न रडताच गेले, एवढंच मला ठाऊक. आईला विचारा, पण जपून.

तुमची मुलगी,
पंचशीला

अर्धापूर,
२५ मार्च १९८३

चि. सौ. पंचशीला हिस,
आशीर्वाद. वि. वि.

जपून विचारायचं राहूनच गेलं. पत्र वाचून दाखवता दाखवता तो मजकूर आला अन् माझी जीभ थांबली न्हाई. आई म्हणाली, पुन्हा वाचा. मग स्वतःच बोलली. दोघंही एवढे थोर होते की सुईणीला ओढून काढावे लागले. तिच्या पोटालाच दोष दिला लोकांनी. तुझी आजी तर मरेपर्यंत तिला कुणाच्या बारशाला पाळण्याला हात लावू देत नव्हती.

तिनं विचारलं, म्हणजे भीमा उपासानं वाचला का? तिनं भीमाला कुशीत ओढलं अन् इतकी रडली की पोर घाबरून गेलं.

पुढल्या आठवड्यानंतरच्या सोमवारी तिला लातूरच्या एसटीत बसवतो. तुला येता येत न्हाई, तर तीच तुझ्याकडं राहील.

एक काम कर, बाई. तिला डॉक्टरीणबाईंना एवढंच विचारायचं हाय, की तेव्हा कुणी सुई दिली असती तर माझी दोघं जगली असती का. तू बाईंना आधीच गाठ अन् हात जोडून सांग, न्हाई म्हणा. खरं काय ते मी समजलोय. ते एकट्या मला पुरे.

सुई चुकवू नको. आईला सांभाळ, अन् आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा बाबा,
ज्ञानोबा