एका रात्रीचा उशीर

३ जून, मंगळवार
विषय मंजूर झाला! मुलांमधला मेंदूज्वर — उपचाराला उशीर झाला तर काय होतं. आजवरचं संशोधन शोधायचं, वाचायचं, आढावा लिहायचा. माझ्या गाइड डॉ. अलमेलू नको म्हणत होत्या. मुलगी जाऊन वर्षही झालं नाही, झेपेल का तुला? मी ऐकलं नाही.

खरं कारण त्यांना सांगितलं नाही. उमाकांत. आमच्या जननीला ताप चढला तेव्हा मी वॉर्डात ड्यूटीवर, घरी तो एकटा. पॅरासिटामॉल दिलं, सकाळी बघू म्हणून निजवलं. कुठल्याही बापाने हेच केलं असतं. सकाळी ती हाकेला ओ देईना. तेव्हापासून तो जेवतो, ऑफिसला जातो, रात्री जागा असतो, बाकी काही नाही. मला एकच वाक्य हवंय, छापलेलं — एका रात्रीने फरक पडला नसता.

७ जून
ढीगभर पेपर. प्रत्येक तक्त्यात ‘मृत्यू’चा रकाना. त्या आकड्यांना मी चेहरे लावत बसते.

१२ जून
एक पेपर मिळाला! उशिराने फरक पडत नाही म्हणतो. धावत डॉ. अलमेलूंकडे नेला. त्यांनी चष्मा वर करून वाचला. मुलं फारच थोडी, म्हणाल्या, त्यातून जास्त आजारी होती ती वगळलेली. “सुनीती, हवं तेच उत्तर शोधायचं नसतं.” रागच आला. बरोबर होत्या.

२० जून
परवा एन्नोरहून एक बाई लेकराला घेऊन आली होती. ताप, मान ताठ. लगेच इंजेक्शन सुरू केलं. आज ते इडली मागत होतं. मी बाथरूमची कडी लावून रडले.

२७ जून
आढावा दिला. खरं तेच लिहिलं — उशीर वाढतो तसा धोका वाढतो.

उमाकांत पेरुंगुडीच्या ऑफिसातून आला. जेवताना आपणहून विचारलं, काय निघालं तुझ्या अभ्यासातून? मी त्याला ताक वाढत होते. हात थांबू दिला नाही.

“काही फरक पडला नसता. सगळे तेच म्हणतात.”

त्याने ताक भातावर ओतलं. सगळा भात संपवला.

२८ जून
सकाळी माझ्यासमोर कॉफी ठेवून उमाकांत म्हणाला, “उशिराबद्दलचे ते पेपर मी वाचलेत, सुनीती. ती गेली त्याच आठवड्यात. तरी काल झोप लागली.”