लखलखाटानंतरचा पंधरवडा

शहरिसब्ज, ९ मे

चि. तुल्किन यास ओयदिनआपाचे अ. आ.

बाबांना माती देऊन चौथ्याच दिवशी तू डोंगरावर पळालास. तीन दिवस कमरेला शेला बांधून दारात उभा राहिलास, मोहल्ला गळ्यात पडून रडला, की झालं मुलाचं कर्तव्य. शेजारी विचारतात तुल्किन कुठे. मी सांगते, आकाशात काहीतरी फुटलंय, ते निस्तरायला गेलाय. हसतात रे लोक. बावीसला विसाव्या दिवसाचा पुलाव आहे. कढईपाशी घरचा मुलगा हवा.

लोभ आहेच, सध्या राग जास्त आहे.
ओयदिन

वेधशाळा, १२ मे

ती. आपास सा. सलाम, वि. वि.

उपग्रहाला गॅमा किरणांचा झोत क्षणभर दिसतो आणि जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळतात. मागे उरलेला उजेड विझत जातो, तसे सगळे कंटाळून निघून जातात. पण आमचा अंदाज खरा असेल, तर पंधरवड्याने त्याच जागी दुसरा उजेड सावकाश चढतो, सुपरनोव्हाचा. झोत ही नुसती आरोळी. ताऱ्याचं मरण मागाहून दिसतं. तेव्हा पाहणारं कुणी नसलं तर दोन्हींचं नातं सांगणार कोण? माझ्या रात्री नेमक्या अठरा ते तेवीस. कढई मामा सांभाळतील. आई खंबीर आहे, एकदाही रडली नाही.

रागासकट लोभ असू दे.
तुल्किन

शहरिसब्ज, १६ मे

चि. तुल्किन,

आशीर्वाद नंतर, आधी ऐक. आज आई तंदूरपाशी कणकेचा गोळा हातात घेऊन तशीच उभी, आतल्या रोट्यांचा कोळसा. मी ओरडले, तर म्हणाली, ह्यांना खरपूस लागतात म्हणून जरा ठेवल्या. आणि जी रडायला लागली ती अजून थांबली नाही. बाबा गेले तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आता चिटपाखरू नाही, मी एकटी.

शहाण्या, आरोळीला सगळे धावतात, मरण मागाहून दिसतं, हे तूच लिहिलंस ना? मग या घरात कोण पाहणार? पुलाव गेला खड्ड्यात. तू आत्ता ये.

ओयदिन

वेधशाळा, १८ मे

ती. आपास सा. सलाम.

माझ्या रात्री जोडीदाराला, शव्कतला, दिल्या. दुसरा उजेड दिसला तर शोधावर पहिलं नाव त्याचं लागेल. म्हटलं, लाव. पाण्याच्या गाडीतून खाली येतोय, तेव्हा हे पत्र मीच तुझ्या हातात देईन. तोंडाने सांगवणार नाही म्हणून लिहितोय. बाबा गेले तेव्हा मीही रडलो नव्हतो. परवापासून सुरू झालंय.

तुझा,
तुल्किन