तानीची रेघ

६ जाने. ५८, सोम.
हेडमास्तर आज म्हणाले, पौडच्या तालुका सामन्यांत मुलींनी भाग घेतला म्हणजे पुष्कळ. मी मान हलवली नाही. सहावीतली तानी लांब उडीत आहे. तिच्या बापाची, सखारामची, अट: पहिली आली तर शाळा, नाहीतर शेतावर. मधल्या सुट्टीत वाळूत अकरा फुटांवर फक्कीची रेघ ओढली. गेल्या साली जिंकलेल्या मुलीची उडी तेवढीच.

१० जाने.
चार दिवसांत रेघेवर!

१८ जाने., शनि.
आठ दिवस रेघेवरच. बोटभर पुढे नाही, आणि दमही लागलेला नसतो. आज रागावले. ती शांतपणे म्हणाली,
"बाई, आपली पात झाली की थांबायचं आसतं. फुडं गेलं की बाया बोलत्यात, मालकाची लाडकी म्हनून."
भातकापणीला जिची तिची पात, म्हणजे कापायचा पट्टा, आणि सगळ्यांनी बरोबरीनं चालायचं. पोर तेच शिकलेली. मीच कुंपण घातलं तिला. मीही इतकी वर्षं... असो.

२० जाने.
रेघ पुसली. म्हटलं, पडशील तिथं पड. साडेनऊ फूट! समोर खूण नसली की कुठवर जायचं तेच तिला कळत नाही. मग फक्कीचा डबा तिच्याच हातात दिला. तिनं थेट मुलग्यांच्या उडीच्या खुणेपाशी, तेरा फुटांवर, रेघ ओढली.
हे. मा. व्हरांड्यातून: तिला झेपेल असं काही सांगा, बाई.
म्हटलं, सांगणारी आता मी नाही.

२७ जाने.
बारा. तेरा अजून लांब. गुडघे फुटलेत. खोबरेल लावायला गेले, तर माझा हात बाजूला सारून पुन्हा धावायला गेली. बरं वाटलं.

२ फेब्रु., रवि.
पौड. तिथं रेघ नाही, ओढूही देत नाहीत. तानीनं परकर खोचला, धावली. पंचांनी घाईनं पाय मागे घेतले. सव्वाबारा. दोन बोटांनी पहिला नंबर हुकला, दुसरी आली.
कशाकडे बघून उडी मारलीस, विचारलं.
"पंचांच्या चपला व्हत्या न्हवं फुडं. त्यांच्यावर पडायचं ठरवलं."
हसता हसता डोळे भरले.
सखाराम म्हणाला, पयली न्हाई आली, बाई, ठरलं ते ठरलं.
तानी मध्येच: "ती अट तुमची, आबा. माझी तेरा फुटांची हाय. ती अजून ऱ्हायलीय."
तो तिला घेऊन चालू लागला.
उद्या शाळा. हजेरीतलं तिचं नाव मी खोडणार नाही. रोज पुकारीन.