दोघांत एक पाकीट

निपाणी,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

आदरणीय शेवंताआत्यास,
समताचा सप्रेम जय भीम. वि. वि.

पाय कसा आहे? शेजाऱ्यांच्या शेतातली रताळी बघायला बांधावरून चालत जायची सत्तराव्या वर्षी काय गरज होती, हे मी विचारणार नाही. प्लास्टर निघेपर्यंत तरी खाटेवर गप बसावंस, एवढीच विनंती.

पत्र बघून तुला वाटेल, फोनला काय झालं. आत्या, तुला ऐकू यावं म्हणून मला गल्लीभर ऐकू जाईल एवढं ओरडावं लागतं, आणि ही ओरडून सांगायची गोष्ट नव्हे. तुझा फोन बटणांचा. त्यावर लिहून पाठवलं तर तू तो वाचायला शेजारच्या शामूच्या हातात देणार. म्हणून पोस्टानं पाठवतेय.

गेल्या आठवड्यात मला ताप आला, अंग मोडून आलं आणि मग नाजूक जागी फोड उठले. लघवीला बसलं की डोळ्यांत पाणी यायचं. चार दिवस मी कुणाला काही बोलले नाही. निपाणीत दाखवायची हिंमत नव्हती, कारण इथल्या प्रत्येक दवाखान्यात माझ्या वर्गातल्या कुणाची तरी आई भेटते. काल शाळा सुटल्यावर चिकोडीला गेले. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि शांतपणे सांगितलं, हा जननेंद्रियाचा हर्पिस आहे. वीस गोळ्या दिल्यात, व्हॅलासायक्लोव्हिर नावाच्या. सकाळी एक, रात्री एक, दहा दिवस. बाहेर रांग होती, त्यामुळे विचारायचं होतं ते सगळं राहून गेलं. आज सगळे घरात आहेत, म्हणून उद्या सकाळपासून सुरू करते.

आत्या, लग्नाला सात वर्षं झाली. मी कुणाकडे वर मान करून बघितलेलं नाही. मग हे आलं कुठून? बुद्धप्रियांना मी काहीच सांगितलेलं नाही. ताटात भाकरी वाढताना मी त्यांच्याकडे बघत नाही. सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. त्यांनी दोनदा विचारलं, मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

तू नर्स होतीस म्हणून विचारते, आणि आत्या आहेस म्हणून रडते. लवकर लिही. माझ्यावरची माया होती तेवढीच राहू दे.

तुझी,
समता

*

कंग्राळी,
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

चि. समतास,
आत्याचा जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

पत्र आज अकरा वाजता आलं. पहिल्यांदा वाचून रडले, दुसऱ्यांदा वाचून तुझा राग आला. चार दिवस दुखणं अंगावर काढायला तुला कुणी शिकवलं?

पोरी, मी तेहतीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढली. हे दुखणं घेऊन देवळातले पुजारी आले, मास्तर आले, पोलीस आले, आणि तोंड झाकून आलेल्या तुझ्यासारख्या बायका तर किती आल्या. हा विषाणू एकदा अंगात शिरला की मज्जातंतूंत दडून बसतो. कधी वर्षानुवर्षं गप असतो आणि एखाद्या दिवशी डोकं वर काढतो. म्हणून कुणी कुणाला दिला, कालचा की लग्नाआधीचा, हे फोडाकडे बघून कुणालाच सांगता येत नाही. तेव्हा घरात कोर्ट भरवू नकोस. नवऱ्याला सांग, पण भांडायला उभी राहून सांगू नकोस, बसून सांग.

आता गोळ्यांचं. नीट वाच. दोन गोळ्यांमधलं अंतर सारखं ठेव. जेवणाआधी घे की नंतर, दोन्ही चालतं. एखादी वेळ चुकली तर आठवेल तेव्हा घे, पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून दे. दोन एकदम गिळायच्या नाहीत. पाणी भरपूर पी. शाळेतल्या संडासाला कडी नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या मास्तरणी मला माहीत आहेत. या गोळ्या मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात, पाणी कमी पडलं तर त्यांच्यावर भार येतो. मूत्रपिंड कमजोर असलं तर डॉक्टर डोस कमी करतात, तुला तसं काही नाही. पोटात बाळ असण्याची शंका असेल तर बाईंना आधी सांग. लघवी कमी झाली, डोकं गरगरलं, बोलण्यात गोंधळ व्हायला लागला, तर तडक डॉक्टरकडे जायचं. फोड सुकले तरी दहा दिवस पुरे करायचे, आणि तोवर नवऱ्याचं अंथरूण वेगळं. विषाणू यानं कायमचा जाणार नाही, पण दबून राहील. लोक याच्यासकट सुखानं नांदतात.

गोळ्यांवरून आठवलं. तुम्ही पाच भावंडं, एकाला खोकला झाला की मी दवाखान्यातून एक पाकीट आणायची आणि पाचही जणांना तुकडे करून वाटायची. समर्थ मोठ्या तुकड्यासाठी रडायचा, आणि तू स्वतःचा त्याला देऊन मोकळी व्हायचीस. वाटून खाणारं पोर म्हणून मी तुझं किती कौतुक केलंय!

पायाला खाज सुटते, बाकी बरं आहे. तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेय, जीव टांगणीला ठेवू नकोस.

तुझी,
आत्या

*

निपाणी,
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

आदरणीय आत्यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. शाळेच्या पत्त्यावर पाठवलंस ते बरं केलंस. आता बाटली घेऊन वर्गात जाते, मुलं हसतात. फोड सुकायला लागलेत, ताप गेला. तू लिहिलेलं गरगरणं वगैरे मला काही नाही.

तुझं पत्र यायच्या आधीच मी बुद्धप्रियांना सांगून मोकळी झाले होते. बुधवारी संध्याकाळी धीर केला. मला वाटलं होतं ते चिडतील. त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाले, बी. एड.च्या वसतिगृहात असताना त्यांना एकदा असे फोड आले होते, आपोआप गेले, म्हणून कधी कुणाला सांगितलं नाही. आत्या, मी त्यांना बरंच काही बोलले. पण मग त्यांनी दाखवलं, त्यांनाही परत उठलेत. गेले काही दिवस तो माणूस चालताना दात खात होता आणि मला वाटत होतं माझ्यावर रागावलाय.

डॉक्टरकडे चला म्हणून मी हात जोडले. पण ते तयार नाहीत. आठवीला पुनरुत्पादन शिकवणारा विज्ञानाचा मास्तर, आणि केस पेपरवर स्वतःचं नाव घालायला घाबरतो! म्हणतात, दवाखान्यात कुणी विद्यार्थी भेटला तर उद्या फळ्यासमोर उभं कसं राहायचं? असो, आता त्यांची सोय झाली आहे, तू काळजी करू नकोस.

फक्त कालपासून ते जरा विचित्र वागताहेत. दुपारचेच झोपतात. आज सकाळी मला आई म्हणून हाक मारली, आणि चहा प्याले तरी चहा मागत राहिले. शाळेत क्रीडास्पर्धा आहेत, दिवसभर उन्हात उभं राहणं, त्यात कंबरदुखीच्या गोळ्या चालू आहेत. त्याचाच थकवा असणार. सोमवारी रजा टाका म्हटलंय.

गोळ्या उद्या संपतील. म्हणून जुनीच चिठ्ठी दाखवून मी मेडिकलमधून आणखी वीस आणून ठेवल्या. निळं पाकीट आहे, तेच नाव, तेवढीच ताकद, मी दोनदा तपासून घेतलं. बघ, तुझी भाची कशी हुशार झाली!

प्लास्टरमध्ये फूटपट्टी घालून पाय खाजवू नकोस. आशीर्वाद असू देत.

तुझी,
समता

*

कंग्राळी,
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५, दुपारी दोन

समता,

मायना लिहायला सुचत नाही. हे पत्र तुला मिळेल तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, तरी लिहितेय. गप बसवत नाही.

तुझं पत्र एक वाजता हातात पडलं. वीस गोळ्या, रोज दोन, दहा तारखेपासून सुरू केल्या तर एकोणीसपर्यंत पुरायला हव्यात. तुझ्या सोळालाच संपताहेत. उरलेल्या कोण खातं हे मला दुसऱ्यांदा वाचावं लागलं नाही.

अगं, बुद्धप्रियचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तिथं होते. एक मूत्रपिंड जेमतेम काम करतंय, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. खडा निघाला म्हणजे मूत्रपिंड नवं झालं असं नव्हे. त्यात ऊन, त्यात पाणी नाही, त्यात कंबरदुखीच्या गोळ्या, त्या तर मूत्रपिंडाच्या वैरीच. आणि वर तुझा पुरा डोस. त्याचं औषध बाहेर पडत नसणार, रक्तात साठून ते डोक्यात गेलं असणार. तो थकलेला नाही, समता, त्याला औषधाची बाधा झाली आहे.

तुला तीनदा फोन लावला, तू वर्गात. मग तुझ्या सासूबाईंना, अंबुबाईंना लावला. मी सांगितलं, बुद्धप्रियला गोळी देऊ नका. पण त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्याही घरात आहेत, त्या बंद झाल्या तर दुसरंच काही व्हायचं. म्हणून मला सगळं सांगावं लागलं. समताला नाजूक जागी फोड आलेत, त्याला पण आलेत, त्यावरचं निळं पाकीट आहे, ते बंद करा, पाकीट सोबत घ्या आणि आत्ताच्या आत्ता त्याला दवाखान्यात न्या. मला ऐकू येत नाही, म्हणून मी ओरडूनच बोलते. हेच चारदा ओरडले. पलीकडून त्या काय म्हणाल्या, काही म्हणाल्या की नाही, मला काही कळलं नाही. पाय असा नसता तर मी आत्ता बसमध्ये असते.

तुझी गोष्ट मी चव्हाट्यावर मांडली. पण तुझी माफी मागायची ती त्याबद्दल नाही. मागच्या पत्रात मी पाणी लिहिलं, वेळ लिहिली, चुकलेली गोळी लिहिली. एकाची गोळी दुसऱ्याला द्यायची नाही, हे एकच लिहायचं राहिलं. उलट वाटून खाण्याचं कौतुक लिहिलं. चूक तुझी नव्हे, पोरी. एक पाकीट पाच पोरांत मोडून द्यायला मीच तुम्हाला शिकवलं. तेव्हा आपल्याकडे एकच पाकीट असायचं.

शामूला मोबाइल घेऊन माझ्यासमोर बसवलाय. एक शब्द कळव.

आत्या

*

निपाणी,
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

आदरणीय आत्यास,
समता आणि बुद्धप्रिय, दोघांचा सप्रेम जय भीम. वि. वि.

शामूच्या फोनवर त्या संध्याकाळी जिवाला धोका नाही एवढंच कळवलं होतं. बाकीचं आज सवडीनं लिहिते.

तुझा फोन आला तेव्हा सासूबाई दारात होत्या. त्यांच्या फोनचा स्पीकर सदा चालू, तो बंद कसा करायचा हे त्यांना ठाऊक नाही. समोरच्या कट्ट्यावर चार बाया विड्या वळत बसलेल्या. तू काय काय सांगितलंस ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. सासूबाईंनी फोन ठेवला. आत गेल्या, कपाटातून निळं पाकीट काढलं, पदराच्या गाठीत बांधलं आणि रिक्षा बोलावली. हे तेव्हा भिंतीला नववीचा धडा शिकवत होते. जाता जाता सासूबाई त्या बायांना म्हणाल्या म्हणे की, राँग नंबर हाय, म्हातारी ठार भैरी हाय, कुणाच्या पोरीचं कुणाला सांगतीया. तुला राग येईल, पण मला हे ऐकून इतकं रडू आलं की सांगता येत नाही.

मी पोचले तेव्हा यांनी मला ओळखलं नाही. डॉक्टर म्हणाले, पाकीट सोबत नसतं तर मेंदूचा ताप समजून आम्ही दुसऱ्याच वाटेनं गेलो असतो, आणि तो एक दिवस यांना परवडला नसता. मूत्रपिंडाचं काम सांगणारा रक्तातल्या क्रिएटिनिनचा आकडा बघून त्यांनी या गोळ्या आणि कंबरेच्या गोळ्या थांबवल्या, सलाईन लावलं, लघवी मोजत राहिले. तिसऱ्या दिवशी यांनी विचारलं, क्रीडास्पर्धेत कोण जिंकलं?

आत्या, बोलण्यात गोंधळ झाला तर तडक डॉक्टरकडे, असं तू लिहिलं होतंस. ती ओळ मी माझ्यापुरती वाचली. आमच्या घरात गोळ्या दोघांच्या आणि सूचना एकटीच्या, असं झालं होतं. तू माफी मागितलीस ते मला आवडलं नाही. तुझ्या त्या तुकड्यांवर आम्ही पाच जण मोठे झालो. पण आता आपल्याला दोन पाकिटं मिळू शकतात, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. माझा कोर्स मी नवीन पाकिटातून पुरा केला. उरलेल्या गोळ्या सासूबाईंच्या गाठीत आहेत, त्या मागूनही देत नाहीत.

वसतिगृहातली गोष्ट त्यांनी सात वर्षं लपवली, हा राग अजून गेलेला नाही. जाईल तेव्हा कळवीन.

काल आम्ही दोघं चिकोडीला गेलो. मी बाहेरच थांबते म्हटलं, ते नको म्हणाले. खिडकीवरच्या माणसानं कन्नडमधून नाव विचारलं, मग काय त्रास आहे ते विचारलं. तेवढ्यात मागच्या बाकावर कोण बसलंय ते मला दिसलं. त्यांच्याच शाळेतला शिपाई परशराम, बायकोला घेऊन आलेला. यांनीही त्याला पाहिलं. मला वाटलं, आता हे वळणार आणि तसेच बसस्टँडवर जाणार. ते बाटलीतलं दोन घोट पाणी प्याले, खिडकीत वाकले, त्यांनी आधी आपलं पूर्ण नाव सांगितलं, मग मूत्रपिंडाचं सांगितलं, आणि मग दुखण्याचं नाव सांगितलं. इतक्या मोठ्यानं, आत्या, की तुलाही ऐकू गेलं असतं.

डॉक्टरबाईंनी त्यांना वेगळी चिठ्ठी दिली, डोस माझ्याहून बराच कमी. फडताळात आता दोन डबे आहेत, दोन नावांचे. प्लास्टर निघालं की ये. सासूबाई तुझ्याशी बोलायला म्हणून ओरडायचा सराव करताहेत. इथली माया तुझ्या वाट्याची शिल्लक ठेवली आहे.

तुझी,
समता